सुती तारेचा विटाळ

आई,

आज दुपारी वीज गेली म्हणून कचेरीत फोन केला. तिथल्या माणसानं जांभई देत सांगितलं, "वरूनच गेलीय." वरून म्हणजे कुठून, असं विचारलं तर त्यानं फोन ठेवून दिला. आयुष्यभर मुलींना शिकवून निवृत्त झालेल्या बाईला असलं उत्तर ऐकून संताप येतो. कारण विचारलं की कारण मिळालं पाहिजे. ही खोड मला कॉन्व्हेंटमधल्या मदर्सनी लावली, असं मी जन्मभर सांगत आले. ते खोटं आहे. ती तू लावलीस, मागच्या पडवीत बसून.

रत्नागिरीत वीज नुकती आली होती. मे महिन्याच्या सुट्टीला मी मुंबईहून बोटीनं घरी आले, तेव्हा आपल्याकडे दोन दिवे लागले होते, एक ओटीवर, एक माजघरात. भिंतीवर सागवानी पट्ट्या ठोकून त्यांवरून सुती वेष्टणाची तार नेली होती, आणि माजघरातल्या दिव्याचं बटण पडवीच्या दाराशी होतं. बाबा वकील, त्यांना नव्याची हौस. काकूंना, म्हणजे तुझ्या थोरल्या जाऊबाईंना, त्याच नव्याची धास्ती. तरी समई लावून झाली की त्या विजेच्या दिव्यालाही हात जोडत. तुला मात्र तो दिवा वाचायला हवा होता. दिवसभर तुझे हात मोकळे नसत, आणि कंदिलाच्या उजेडात तुला अक्षर लागेनासं झालं होतं. माजघरात दिवा आला आणि तू पुन्हा संध्याकाळी पुस्तक घेऊन बसू लागलीस. तेवढा तासभर तुझा असे.

त्या दिवशी तू विटाळशी म्हणून मागच्या पडवीत बाजूला बसली होतीस. काकूंना देवळातून यायला उशीर झाला आणि घरात अंधारून आलं. तू मला दोनदा हाक मारलीस. मी "आले" म्हटलं आणि पान उलटलं. तिन्हीसांजेला घर काळोखात राहू नये म्हणून शेवटी तूच पडवीतून हात आत घालून बटण दाबलंस. दिवा लागला तशी मी उठून माजघरात आले, आणि माझ्या मागोमाग काकू. त्यांना तुझा हात बटणावर दिसतो. त्या तोंड उघडणार, एवढ्यात दिवा जातो.

"विटाळलीस ना गो तार," काकू म्हणाल्या. लोकरीला विटाळ लागत नाही, सुताला लागतो, आणि ही तार तर सुतात गुंडाळलेली, हे त्यांचं शास्त्र. सुतातून वीज जात नाही, हे माझ्या पुस्तकातलं शास्त्र. एकाच तारेवर दोन्ही बसली होती. बाबा घरी येताच काकूंनी त्यांना बजावलं की ही तार उद्याच्या उद्या काढून टाका. कोर्टात न्यायाधीशाला दमवणारा हा माणूस मुकाट्यानं कंदील घेऊन तार काढण्याचा अर्ज लिहायला बसला. त्याचा राग मला अजून येतो.

तेव्हा पडवीच्या काळोखातून तू बोललीस, आवाज न चढवता. "वहिनी, इथून दारांतून आरपार दिसतंय, समोर डॉक्टरांकडेही काळोख आहे."

काकू ओटीवर जाऊन बघून आल्या. पण त्या काही कच्च्या नव्हत्या. "तार एकच आहे ना. तुझा विटाळ तिकडे गेला."

"मग गावातल्या कुठल्या ना कुठल्या घरात रोज कुणी बाई बाजूला बसलेली असणारच. तिचा इकडे येत असेल. मग दिवा लागतो तरी कसा? आणि त्याला तुम्ही हात जोडता."

मराठी चौथीपलीकडे शाळा न पाहिलेल्या माझ्या आईनं काळोखात बसून काढलेला तो मुद्दा होता, आणि पुढे मी कितीही शिकले तरी त्याच्या तोडीचं काही माझ्या डोक्यातून निघालं नाही. काकूंचा हट्ट मात्र गेला नाही. तासाभरानं दिवा आपोआप आला, तरी अर्ज फाटला नाही. तू बाबांना एवढंच म्हणालीस, की चौथ्या दिवशी न्हाऊन मी कारण विचारून येते, तोवर तो पाठवू नका.

आणि खरोखरच गेलीस, मला सोबत घेऊन, संध्याकाळी वीजघर सुरू व्हायच्या वेळेला. तिथला इंजिनवाला पूर्वी आगबोटीवर काम केलेला मुसलमान गृहस्थ होता. बायका दारात बघून तो आधी गोंधळला, मग खुलला. "पट्टा तुटला व्हता, बाय. नवा चढवीपर्यंत गावभर काळोख." तेवढ्यात इंजिन सुरू झालं. तळव्यांखाली जमीन थरथरायला लागली. तू पदर घट्ट धरून त्या फिरत्या चाकाकडे बघत राहिलीस, आणि मी तुझ्याकडे. देवळातही तुझा चेहरा मी तसा पाहिला नव्हता. पण तू हात जोडले नाहीस. हे फिरतं, तेल जळतं, मग उजेड नेमका कुठे तयार होतो, असं त्याला विचारत राहिलीस. तोही थकेपर्यंत सांगत राहिला. निघताना तू तुटलेल्या पट्ट्याचा तुकडा मागून घेतलास आणि घरी येऊन पायरीवर ठेवलास. चामडं दारात आणलं म्हणून काकूंनी घर डोक्यावर घेतलं, पण तुकडा निरखून पाहिला, आणि त्या आत गेल्यावर बाबांनी अर्ज फाडला.

ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगितली. मुली माना डोलवत, आणि मीही माझी कॉलर ताठ करून घेत असे. एक भाग मात्र गाळत आले. दिवा गेला त्या क्षणी तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतीस. काकू अजून काही बोलल्याही नव्हत्या, आणि मी परकर आवरून दोन पावलं मागे सरले. विजेचं शास्त्र पाठ असलेली मी. काळोखात तुला ते दिसलं नसणार, असं धरून चालले. पण माझ्या हातात बांगड्या होत्या, आई, आणि त्या वाजल्या होत्या.