भर शर्यतीतला फेटा

तीर्थरूप आबा,

पाया पडते, पण दातओठ खाऊन.

शर्यत आपल्या गावातनं पुढं पन्हाळ्याला जाणार हुती. चिखल, दगड, उसाची पाणंद, सगळ्यात मी पहिली हुते. आणि तुमी हलगी लावून माझीच सायकल अडवलीसा! हेल्मेट काढून फेटा बांधलासा, सरपंचांचं भाषण संपूस्तवर सोडलं न्हाईसा. सत्कार जिंकल्यावर करत्यात की! तवर चौघीजणी पुढं गेल्या, आणि त्यास्नी टाळ्या बी तुमीच वाजवल्यासा!

त्यास्नी गाठायच्या नादात उतारावर पडले. आईला सांगा, नुसतं खरचटलंय. टाकं दोनच हायत. तिची कंबर कशी हाय?

फेटा पुण्याला आणलाय. पुढल्या वर्षी तुमी पन्हाळ्यावर, शेवटच्या रेघेपाशी उभं ऱ्हावा. गावात आडवं आलासा, तर सायकल अंगावर घालीन.

तुमचीच,
क्रांती