पाडव्याच्या आत दाढ

निलंगा,
ता. ७ मार्च १९८३

ती. सौ. शांतम्माअक्कास,

बसवंतचे शरणार्थ. दाजींनाही सांग. इकडे आई बरी आहे, दुकान बरं आहे, मी बरा नाही.

तू नांदेडहून धाडलेलं लवंगेचं तेल पोचलं. अक्का, मी किराणा दुकानदार आहे. लवंगांची बरणी माझ्या हाताशी असते आणि भाद्रपदापासून त्यातल्या निम्म्या लवंगा गिऱ्हाइकाऐवजी मीच चावल्यात. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, ‘पाडव्याच्या आत अक्कलदाढ काढून घे, साखरपुडा तिसऱ्यांदा पुढं ढकलायचा नाही.’ वाचून डोकंच फिरलं. दाढ माझी, पण बोलतो जो तो.

आई म्हणते, “लगीन झालं की दाढ आपोआप बसती. अन् अक्कलदाढ काढल्यावर तुझ्याजवळ उरंल काय रं?” शेजारचा संगप्पा म्हणाला तंबाखू धर. धरली. दाढ राहिली बाजूला, मला चक्कर आली. मिठाच्या गुळण्या कराव्या तर टँकर तीन दिवसांनी येतो. मी गुळणी थुंकायला लागलो की आई अशी बघते की गिळून टाकावीशी वाटते.

शेवटी शनिवारी लातूर गाठलं. जिल्हा झाल्यापासून तिथं पानटपरीच्या पाटीवरही ‘जिल्हा लातूर’ रंगवलंय. दातांचा डॉक्टर नवाच आलाय, पोरगेलासा. फोटो काढला आणि म्हणाला, दाढ आडवी उगवलीय, पुढच्या दाढेला ढकलून राहिलीय. काढा, पंधरा दिवसांत बरे व्हाल.

“कवापासून दुखतंय?”

“भादव्यापासून.”

“मग इतके दिवस काय करून राहिले होते?”

मी त्याची फी टेबलावर ठेवली. बाहेर येऊन बसलो. परतीची एस.टी. दोन तास आली नाही, आणि त्या दोन तासांत मला माझाच फार राग आला.

खरं सांगतो अक्का. दाढ दुखते हे खोटं नाही. कार्तिकात पहिला मुहूर्त होता तेव्हा गाल सुजला होता, तू स्वतः बघितलास. संक्रांतीनंतर दुसरा होता तेव्हा सूज नव्हती. मी नुसताच रुमाल बांधून बसलो होतो. तू माझ्यासाठी भात मऊ शिजवलास, आणि मी तो हूं हूं करत खाल्ला. त्याची मला आजही लाज वाटते.

दिवाळीत तू जगदेवीला घेऊन आली होतीस. आईनं तिला चुलीपाशी दम दिला होता, “आता मामा मामा करायचं न्हाई. अहो म्हणायचं.” मी ओसरीवर गाल धरून बसलो होतो. ती गरम पाणी घेऊन आली. “अहो, पाणी,” म्हणाली, तांब्या ठेवला आणि मागं सरकली. माझ्या ताटातला पापड पळवणारी पोरगी. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

तिचा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा तो कौलावर मी फेकला होता. ती रडत होती, दुसरा येणार नाही म्हणून. मी तिला खांद्यावर घेऊन दाखवलं, बघ, कौलावर गेला, आता नवा येतो.

मामानं भाचीला करून घ्यावं ही आपली रीत आहे. आपली आईही मामाच्याच घरात आली. रीतीला मी नावं ठेवत नाही. पोरगी परक्या घरी जाऊ नये म्हणून तू ती पाळण्यात असतानाच शब्द घेतलास, हेही मला कळतं. पण मला हे जमणार नाही. सरळ नाही म्हटलं तर तू बोलणं टाकशील, या भीतीनं मी सहा महिने हे दुखणं सांभाळलं. दाढ बरी झाली तर काय सांगायचं, हीच चिंता होती.

गुरुवारी दाढ काढतोय. म्हणजे पुढं सांगायला काही राहणार नाही. म्हणून आधी लिहितो: साखरपुडा होणार नाही.

जगदेवीनं मला एका शब्दानं काही सांगितलेलं नाही. जे बघायचं ते मी बघितलं. राग काढायचा तो माझ्यावर काढ, तिचं डी.एड. चालू राहू दे.

पाडव्याला मी नांदेडला येणार आहे. साखरेची गाठी घेऊन येईन, दरवर्षी तिच्यासाठी आणतो तशी. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी पायरीवर बसून राहीन.

तुझा धाकटा भाऊ
आणि जगदेवीचा मामा,
बसवंत