एका वर्षापुरती सत्ता

४ जून, सकाळ.
सूनबाई कॉम्प्युटरवरचे युद्धाचे खेळ बनवते. सध्या प्राचीन रोम चालू आहे. बी.ए.ला मला रोमन इतिहास होता, म्हणून सहज स्क्रीनकडे पाहिलं. सगळा एकच रोम! पहिल्या राजाच्या शिपायाला सम्राटांच्या काळातलं चिलखत. मधली सहा-सातशे वर्षं कुठे गेली, असं विचारलं. फाइल फार जड होत होती आई, म्हणाली.
लुडबुड करायची नाही, असं ठरवलं आहे.

४ जून, दुपार.
सल्लागार व्हायचं मान्य केलं. विचारलं कुणी नाही, पण गरज चेहऱ्यावर दिसत होती.

६ जून.
बावीस पानी टिपण दिलं. राजेशाही, प्रजासत्ताक, साम्राज्य असे तीन वेगळे रोम हवेत. तिचा साहेब (कानावरचा हेडफोन काढतच नाही, म्हणून मी त्याला हेडफोनच म्हणते) म्हणाला, प्रजासत्ताक लोकांना कंटाळवाणं वाटेल. वीस तारखेपर्यंत दहा जणांनी आवडीने खेळून दाखवलं तर ठेवू, नाहीतर कापू. राहिलं तर खेळ बनवणाऱ्यांच्या नामावलीत मी 'इतिहास सल्लागार'.
मला नावाची हाव नाही. पूर्ण नाव कागदावर लिहून दिलं, एवढंच.

९ जून.
प्रजासत्ताकात कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, दोन असत; एकाचा निर्णय दुसऱ्याला अडवता येई. मुदत एक वर्ष. यात तडजोड नाही. आपल्या खेळात एक चाल म्हणजेच एक वर्ष, असं सूनबाई पुटपुटत होती. म्हटलं, मग हिशेब सोपाच झाला.

११ जून.
दहा जण खेळले. एक चाल झाली की स्क्रीनवर येतं : 'मुदत संपली. आभारी आहोत.' सरासरी चार मिनिटं. सुटसुटीतपणा आवडलेला दिसतो. एकाने लिहिलंय, अहो, मी आत्ता कुठे बसत होतो! सत्तेचा मोह, दुसरं काय.

१२ जून.
हेडफोन म्हणाला, कापतो. सूनबाई रडवेली झाली. आठवडाभर ती रात्रंदिवस याच भागावर राबते आहे. तिला म्हटलं, डोळे पूस. शहाण्या माणसाला एक वर्ष कसं पुरतं ते मी खेळून दाखवते. रेकॉर्ड करून घे.
दुसरे कॉन्सल म्हणून ह्यांना बसवलं. मी काहीही करायला गेले की ह्यांचं 'मला मान्य नाही'. अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ऐकलं नव्हतं. ह्यांना ते बटण दाखवलं कुणी?

१३ जून.
संकटकाळी सहा महिन्यांपुरता एकच हुकूमशहा नेमता येतो. इतिहासात आधार आहे. संकट : हे. मी स्वतःला नेमलं. जलवाहिनी पुरी होईपर्यंतच.

१४ जून.
जलवाहिनी झाली. पण बंदर अर्धवट टाकून जायचं? माझ्या स्वभावात नाही. सूनबाईकडून मुदतीचा नियम तात्पुरता काढून घेतला. पोरीने एका मिनिटात काढला. सेनेट विचारत होतं, बाई कधी उतरणार? सेनेट बंद केलं.
ह्यांनी तीनदा जेवायला हाक मारली. म्हटलं, तुम्ही बसा, मी शत्रूचं कार्थेज घेऊन येते.
एकूण अकरा तास. प्रजासत्ताक कंटाळवाणं नाही, हे मी सिद्ध केलं आहे.

२० जून.
प्रजासत्ताक राहिलं! हेडफोन खूश, सूनबाईचा पगार वाढला. मुदतीचा नियम गेला तो गेलाच. आता खेळाडूने प्रजासत्ताक वाचवायचं आणि विरुद्ध बाजूला कॉम्प्युटर. कॉम्प्युटरने कसं वागायचं, ते माझ्या रेकॉर्डिंगवरून बसवलं आहे. सूनबाई म्हणाली, आई, दहाच्या दहा जण उठायला तयार नव्हते, तुम्हाला खाली खेचायला इतकी मजा येते! नामावलीत माझं नाव आहे. पुढे लिहिलंय : हुकूमशहा.
हे सकाळपासून खेळतायत. मला आतापर्यंत चारदा पदच्युत केलं. चहा हवा का विचारलं, तर मान वर न करता हातानेच थांब म्हणाले.