चार बोटं अलीकडची गाठ

आबा, आज सकाळी माझ्यावर जो अन्याय झाला, त्याची दाद कुठल्या कोर्टात मागावी ते कळत नाही. लग्नाला जायचं म्हणून इस्त्रीचा एकुलता एक सदरा गोठ्यातल्या खुंटीला अडकवून मी तोंड धूत होतो, तेवढ्यात कालवडीनं त्याच्या उजव्या बाहीचा चघळून लगदा केला. गुन्हेगार समोर, पुरावा तोंडात, आणि डोळ्यांत एवढी शांती की संतांनी शिकावी. वर सूनबाई म्हणाली, "आवं मामा, गोठ्यात कोण सदरा अडकवतं व्हय?" म्हणजे फिर्यादीलाच शिक्षा.

कालवड मात्र देखणी आहे. पांढरी खिलार, सरळ पाठीची. हल्ली जनावरांचे डॉक्टर छातीला फीत लावून वजन काढतात आणि मला नव्यानं समजावतात की कालवड वयानं नव्हे, अंगानं भरल्यावरच वळूला दाखवायची. मी मान डोलावतो. तुमच्या दोराबद्दल त्यांना सांगायचं धाडस होत नाही, कारण मग पुढचंही सांगावं लागेल.

ठरावीक मापावर गाठ मारलेल्या त्या अंबाडीच्या दोराला तुम्ही कोणाला हात लावू देत नव्हता. टोक कालवडीच्या छातीशी धरायचं, पुढच्या पायांमागून दोर फिरवून आणायचा. टोक आणि गाठ भिडली की कालवड भरली. गाठ टोक ओलांडून पुढं गेली की कच्ची. वडूजपासून कडेगावपर्यंतची माणसं गाडी जुंपून तुम्हाला न्यायला यायची, आणि तुम्ही "न्हाई" म्हणालात की वळू दारात उभा असला तरी परत जायचा. माझ्या लग्नात बाप असून तुमचं कोणी ऐकलं नाही, पण कालवडींच्या बाबतीत तुमचा शब्द शेवटचा.

मोठी लढाई संपून मी पलटणीतून घरी आलो त्या सालची गोष्ट. जतकडचा एक नामांकित वळू दोन दिवस आपल्या गावात मुक्कामाला आहे आणि आपली कालवड नेमकी माजावर आलेली. पलटणीत मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्या दावणीला असा खोंड तयार करीन की जत्रेत रस्ता मोकळा होईल. तुम्ही कालवडीकडं नुसतं पाहिलंत आणि म्हणालात, "आजून चार बोटं कमी हाय. सकाळी दोर लावू." सकाळी तुम्ही न्याहारीला बसलात तेवढ्यात मी गाठ सोडली आणि चार बोटं अलीकडं बांधली. परदेशात बंदूक चालवून आलेला माणूस, पण ती गाठ बांधताना दोनदा उठून दाराकडं बघून आलो.

तुम्ही दोर लावता. टोक आणि गाठ भिडते. तुम्ही दोर सोडून पुन्हा लावता. "नजर म्हणती न्हाई, दोर म्हणतो व्हय," तुम्ही म्हणता. "दोर कशाला खोटं बोलंल रं?" मी कडब्याची पेंढी सोडण्यात भलताच गर्क आहे.

कालवड वळूला दाखवली. संध्याकाळच्या आत मी गाठ होती तिथं नेली.

ती व्याली तेव्हा टळटळीत दुपार होती, आणि वासरू अडलं. तुम्ही कोपरापर्यंत हात घालून बसलेले, शेजारचे तात्या वासराचे पाय ओढतायत, मी तिचं डोकं मांडीवर धरलेलं. तुम्ही तिला सारखं म्हणत होता, "चुकलं बाय माजं, चुकलं." वासरू जगलं. ती चार दिवस उठली नाही. तुम्ही तिला हातानं पेज पाजून उठवलीत. पुढं तिची वाढ खुंटली, ती गोठ्यात सगळ्यात बुटकी राहिली. पण माझ्याहून जास्त जेवली आणि म्हातारी होऊन मेली, एवढं तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

तात्यांनी पारावर विचारलं, "आबा, दोर म्हातारा झाला का तुमी?" सगळे हसले, तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवशी दोर माझ्या हातात दिलात. "घे. माजा हात चुकाय लागला." त्यानंतर गाडी घेऊन आलेल्यांना तुम्ही ओसरीवरूनच सांगायचा, "पोराला न्या." मी जायचो, मानाचा चहा प्यायचो. तुम्ही होतात तोवर आठ वर्षं मी रोज तुमच्या समोर जेवायला बसलो आणि एकदाही तोंड उघडलं नाही. बाकी सगळ्या जगाबद्दल माझी जीभ किती चालते, तुम्हाला माहीत आहे.

आज लग्नाच्या मांडवात तात्यांनी पाव्हण्यांना पुन्हा तीच कथा ऐकवली. "ह्याचा बाप लय मोठा पारखी, पण एका कालवडीत हात चुकला गड्या." दर लग्नात मी हसतो. आज म्हणालो, "तात्या, हात न्हवता चुकला. गाठ मी सरकवली हुती."

"मग एवढी वर्सं मला कशाला हसाय लावलंस रं?" तात्या म्हणाले, आणि पाव्हण्यांकडं वळून स्वतःच म्हणाले, "ऐकलंसा न्हवं? आबाचा हात चुकला न्हवता."

हे पत्र कुठं टाकायचं नाही. ते कणगीमागं ठेवीन, उंदीर वाचतील. पण तुम्हाला खोटं सांगत नाही, आबा. मांडवात मी ते पहिल्यांदा बोललो तेव्हा वाजंत्री जोरात सुरू होती, आणि कोणाला ऐकू जाणार नाही हे बघूनच बोललो होतो. वाजंत्री थांबल्यावर दुसऱ्यांदा बोललो, तेवढंच धरा.