वाघदेवाची शीव

पडघा, ता. भिवंडी
१८ ऑक्टोबर २०२५, वाघबारशीचा दुसरा दिवस

चि. हरेश यास,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. भात कापणीला आले आहे. तुझ्या आईचा गुडघा पुन्हा सुजला. फोनवर माझा आवाज चढला की तू हसतोस, म्हणून हे पत्र. कोन गावचा प्रितेश रजा संपवून तुमच्या सफारी कॅम्पवर परत निघाला आहे, त्याच्या हाती देतो.

तुझा व्हिडिओ सगळ्या गावाने पाहिला. टांझानियाचे ते रान, नजर पोचेल तिथवर गवतच गवत. तू पाहुण्यांची जीप थांबवून खाली उतरतोस आणि गवतात बसलेल्या सिंहिणीकडे पाठ करून हात हलवतोस. जनावराकडे पाठ करू नये, हे तुला कितीदा सांगितले होते? पोरे म्हणतात, "हरेशदादा शेर हाय." मी म्हणालो, "शेर मागं बसला व्हता, गाढवांनो."

तुझी आई तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावते. तू उतरायच्या आत बंद करते.

काल वाघदेवाला कोंबडा दिला. देवाचा दगड आता गोदामाच्या भिंतीमागे गेला, वॉचमन "चाचा, जल्दी करो" करत डोक्यावर उभा. नामा भगताने राखणीसाठी रानात जाणाऱ्या एकेकाचे नाव घेतले. तुझे घेतले नाही. विचारले तर म्हणतो, "दामू, देवाची शीव वढ्यापातूर. तिकडचा सिंव्ह आपल्या देवाचं कशाला ऐकंल?"

"माझा पोरगा जिथं जातो तिथवर शीव हाय," मी म्हणालो. चारचौघांत भांडलो. प्रसाद घेतला नाही.

संध्याकाळी नामाच घरी आला. म्हणाला, पोराच्या पायाखालची मूठभर माती आण, दगडापाशी टाकतो, मग नाव घेतो.

नोकरी सोड असे मी म्हणत नाही. तू आणखी दोन वर्षांचा करार केलास हे प्रितेशकडून कळले, तुझ्याकडून नाही. तो विषयही काढत नाही. माती पाहिजे. फोटो नको.

प्रितेश म्हणतो, विमानतळावर माती अडवतात. मग तुझ्या चपलांना लागून येईल तेवढी आण. उंबऱ्याबाहेर झटकू नकोस. मी फडके अंथरतो.

अजून रागातच,
तुझा बाप
दामू