मोठ्या लाइनला तोटी नसते

मु. बोरटेक, जि. जळगाव
४ ऑगस्ट, रविवार

दर रविवारी बापाशी फोनवर बोलतोस आणि त्याने "आजीला देऊ का?" म्हटलं की तुझ्या फोनची बॅटरी संपते. नाशकात वीज नाही का रे? एवढा शिकलास, खोटं बोलायला नवं काही सुचत नाही.

चि. प्रशील, जयभीम आणि आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तुझ्या आईची कंबर धरली आहे. कापूस गुडघ्याएवढा झाला. माझं अक्षर प्रौढ शिक्षणाच्या वर्गातलं, वेलांट्या चुकतील, वाचून घे. हे पत्र कोणाला दाखवलेलं नाही. टपालात मीच टाकणार.

तुझा बाप म्हणतो, तू फोनवर पुन्हा पुन्हा एकच विचारतोस. आजोबा रस्ता ओलांडत होते का? माझा प्रेमराज सांगतो, नाही रे, रानात लिंबाखाली बसले आणि गेले. त्याला वाटतं, बरं सांगितलं. तुला ते पटत नाही. अंत्यविधीला आलास, घोटभर चहा न घेता गेलास, जलदानविधीला आलाच नाहीस. ट्रकने नेलं असं धरून बसला आहेस.

ट्रकने नेलं नाही. अंगावर ओरखडा नव्हता. ते अंग मी पुसलं आहे.

लिंबाखालीही गेले नाहीत.

समाजमंदिरातली ती मीटिंग आठवते ना? रस्ता चौपदरी होणार, गावासमोरून पलीकडे जायची वाट बंद होणार, म्हणून लोक तापले होते. साहेबाचं बोलणं कोणाला कळेना. मग रस्त्याच्या कंपनीचा माणूस म्हणून तू उभा राहिलास. म्हणालास, रस्ते पाण्याच्या लाइनसारखे असतात. टाकीपासून निघते ती मोठी लाइन, तिला तोटी नसते. मग गल्लीची लाइन. मग घराची, तिला पाहिजे तेवढ्या तोट्या लावा. मोठ्या लाइनला जो तो भोक पाडायला लागला तर पुढे पाणी जाणार नाही. तसा हा वेगाचा रस्ता, त्याला मधे तोंडं ठेवायची नाहीत. दारापाशी थांबायचं ते लहान रस्त्यावर. वळसा पडेल, पण माणसं मरणार नाहीत.

लोकांना पटलं. सगळ्यात जास्त पटलं तुझ्या आजोबांना. जन्मभर ग्रामपंचायतीचं पाणी सोडलं त्यांनी. चोरून लाइन फोडली की पाटलाच्या दारात जाऊनसुद्धा भांडणारा माणूस. उठून म्हणाले, "आपला पोऱ्या सांगस ते खरं शे." मग कोण बोलणार?

रस्त्याला लोखंडी कठडा उभा राहिला आणि थोड्याच दिवसांत गावाने तो कापला. आता बठ्ठं गाव, लहानमोठं सगळं, त्या फटीतून जातं. पलीकडच्या मोहल्ल्यातली अकबरी, गुडघे माझ्यापेक्षा वाईट, तीसुद्धा अंग चोरून निघते आणि मला म्हणते, "देख, मैं तो पतली हो गई." आमचे हे मात्र नाही. आपलं वांग्याचं रान पलीकडे, आणि हे रोज लांबच्या पुलाखालून वळसा घालून जाणार. मी म्हटलं, अहो, सगळे जातात. तर म्हणाले, "मी लाइन फोडू?" मी म्हटलं, पाण्याला गुडघे नसतात. रागाने पाणी न पिताच निघाले.

तोच तो दिवस.

मे महिन्याचं ऊन. सर्व्हिस रोडला सावली नाही, झाडं तुम्हीच तोडली. अकबरी पलीकडे आपल्या दारात होती. हे झोकांड्या खात चाललेले तिला दिसले. फटीपाशी लंगडत येऊन ओरडली, "भटूभाई, इधरसेच आओ ना! पानी पी के जाओ!" यांनी हात वर केला आणि पुढे गेले. पुलापर्यंत पोचले नाहीत.

तर नाही, ओलांडत नव्हते. ओलांडलं असतं तर तिच्या ओट्यावर बसले असते.

तू खोटं सांगितलं नव्हतंस. वाट उघडी ठेवली असती तर दुसऱ्या कोणाचं तरी पोर गेलं असतं, एवढं मलाही कळतं. तुला रडवायला लिहीत नाही. रडायचं ते तिकडे रड.

लिहिते आहे अकबरीसाठी. आदल्या आठवड्यात तिच्या बकरीने आपली वांगी खाल्ली होती आणि यांनी तिला चार शब्द सुनावले होते. तिला वाटतं, त्या रागाने हे तिच्या हाकेला आले नाहीत. तिच्या घरचं पाणी नको होतं. भेटली की विचारते, "द्रौपदा, वो मेरेसे नाराज गए क्या?" मी म्हणते, नाही ग. ती म्हणते, "तो फिर आए क्यों नहीं?" मी तिच्या बकरीचं काही तरी काढते. खरं सांगितलं तर गाव म्हणेल, नातवाच्या शब्दापायी म्हातारा मेला, आणि तू इथं पुन्हा पाय ठेवणार नाहीस. नाही सांगितलं तर ही अशी वाळत चालली. काल मी गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेली. भाकरी तशीच झाकलेली.

गेलेला गेला. ही अजून आहे.

सुट्टी टाक आणि ये. आधी माझ्याकडे येऊ नकोस. तिच्या घरी जा, तिच्या हातचं पाणी पी, आणि ती विचारेल त्याचं उत्तर दे. प्रेमराजने द्यायचं नाही, मी देणार नाही. तू द्यायचंस.

द्रौपदाबाई