भासऱ्यानं काढलेला चेहरा

१८ नोव्हेंबर २००३

आज एक प्रेत दाखवलं.

रेल्वेच्या कडेला सापडलेली बाई. हवालदारानं चादर बाजूला केली आणि विचारलं, हीच का तुमच्या घरची सून? मी पाहत राहिलो. वय तिशीच्या आत. तोंड शाबूत होतं. मला सांगता आलं नाही.

त्याला वाटलं, धक्का बसला. पाणी दिलं. "आरामसे पाहा गुरुजी, घाई नाही." मी आरामात पाहिलं. उपयोग नाही. भूमेश्वरी सात वर्षं आमच्या घरात आहे — माझ्या धाकट्या भावाची, लोकेंद्रची बायको. अंगण एक, चुली दोन. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. आम्हा पोवारांत सून भासऱ्यापुढं तोंड उघडं ठेवत नाही. मी अंगणात शिरताना खाकरतो, ती पदर ओढते. सात वर्षांत तिचा चेहरा मी पाहिलेला नाही.

तासाभरानं लोकेंद्र आला. एकदा पाहिलं, नाही म्हणाला, आणि बाहेर बिडी ओढायला गेला.

१९ नोव्हेंबर

हे लिहून ठेवलं पाहिजे. बारा तारखेला मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. गाव सगळं मंडईत, घर रिकामं. मी सडक अर्जुनीहून सहामाहीचे पेपर घेऊन सायकलनं येत होतो. हमरस्त्याच्या फाट्यावर एक बाई उभी. हातात कापडी पिशवी. मला पाहून तिनं पाठ फिरवली, पदर ओढला. आमच्याच घरची असणार, हे कळलं. दुसरी कोण मला पाहून पाठ फिरवील? मी मान खाली घालून पुढं गेलो. हीच रीत आहे.

कुठं चालली, एवढं विचारलं नाही.

तिला शेवटचं पाहणारा मीच. आणि पाहिली ती पाठ!

२१ नोव्हेंबर

ठाण्यात फोटो मागतात. फोटो नाही तर चार ठिकाणी काय पाठवायचं, म्हणतात. त्यांचंही खरं. लग्नाच्या अल्बममध्ये तिचे अकरा फोटो. अकराही फोटोंत पदर हनुवटीपर्यंत. मतदार कार्डाचे फोटो निघाले तेव्हा ती आजारी होती, लोकेंद्र सांगतो. तिला आईबाप नाहीत. बालाघाटकडं एक चुलता, त्याच्याकडं गेलेली नाही.

लोकेंद्र जेवत नाही. आज माझे पाय धरले. "दादा, कायी बी कर, पन तिले आन."

आणतो म्हणालो.

२३ नोव्हेंबर, रविवार

हमरस्त्यावर ढाब्याशेजारी शालीकराम पेंटर बसतो. ट्रकांच्या मागं मोर, कमळ रंगवतो. मेलेल्यांच्या तसबिरीही करतो, फोटोवरून. ऐकून चेहरा काढता येतो का, असं सहज विचारलं. नाही म्हणाला.

तरी घरी म्हटलं, लोकेंद्रनं त्याच्यासमोर बसून सांगितलं तर काही जमेल. लोकेंद्र उसळला. ट्रकवाल्या पेंटरपुढं बायकोचे नाकडोळे मोजून देऊ का? आईचंही तेच. घरची गोष्ट घरात राहू द्या.

मग मीच शिकतो, म्हणालो. मराठीचा एम. ए., वय एक्कावन्न. शेवटचं चित्र पाचवीत — दोन डोंगर, मधून सूर्य.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिला धडा. शाळेत चित्रकलेचा तास माझ्या गळ्यात पडलाय, अशी थाप मारली. शालीकरामनं पुठ्ठ्यावर खडूनं अंडं काढलं. एक उभी रेघ, एक आडवी. हे डोकं. मी त्यात डोळे काढले. तो हसत सुटला. "गुरुजी, डोरे टाळूले लावले तुम्ही. बाईचा मेंदू कुठं ठेवनार?"

डोळे डोक्याच्या बरोबर अर्ध्यावर असतात. वर जेवढं, खाली तेवढंच. दोन डोळ्यांच्या मध्ये एक डोळा मावतो. कानाचा वरचा काठ भुवईच्या रेषेत, पाळी नाकाच्या शेंड्याच्या रेषेत. घरी येऊन पट्टीनं स्वतःचं डोकं मोजलं. खरं आहे. इतकी वर्षं हे डोकं वागवतोय, माहीत नव्हतं.

४ डिसेंबर

बावीस अंडी. माणूस एकही नाही.

७ डिसेंबर, रविवार

नाक येत नाही. नाकाला रेघच नसते, नुसती सावली असते, असं तो म्हणतो. रेघ नसलेली वस्तू काढायची कशी? मी काढलेली बाई पाहून शालीकराम म्हणाला, हे तं तहसीलदार होय जी, मिशा लावल्या तं सातबारावर सही करून देईन. रंगाला उभ्या ट्रकचा ड्रायव्हर हसला. मीही हसलो.

येताना सायकलवर बसवेना. हातात धरून चालत आलो. पंचवीस दिवस झाले. थंडी पडली आहे. त्या पिशवीत पांघरूण मावलं असेल का?

१० डिसेंबर

रुख्माला, माझ्या बायकोला, समोर बसवलं. बावीस वर्षांचा संसार. तिच्या उजव्या कानाची पाळी फाटून जुळलेली आहे, हे आज दिसलं. असे काय पायता, म्हणून ती सारखी तोंड वळवत होती.

काढता काढता विचारलं, भूमेश्वरीचं नाक कसं? ती उठली. आधण ठेवायचं आहे म्हणाली. आत गेल्यावर म्हणाली, "सरळ होतं."

होतं! मी भडकलो. ती मेलेली नाही, आहे म्हण.

१४ डिसेंबर, रविवार

आईला विचारलं. आई म्हणते, रंग उजळ, कपाळ रुंद, नाकी-डोळी नीटस. आई चेहरा सांगत नाही, स्थळ सांगते. नाकी-डोळी नीटस — हे कागदावर कुठं ठेवू?

लोकेंद्रला विचारलं, हनुवटी टोकदार की गोल? तो म्हणाला, चांगली होती. ओठ? चांगले. आणि रडायला लागला. मी पेन्सिल खाली ठेवली. रडणाऱ्या माणसाला किती विचारायचं?

शेजारच्या बायका मला पाहून पदर ओढून घरात जातात. त्यांनाही मी भासराच.

१६ डिसेंबर

हेडमास्तरांनी बोलावलं. आठवी ब च्या उत्तरपत्रिकांच्या समासात मी नाकं काढून ठेवली आहेत. एका पोरानं बापाला दाखवलं. माफी मागितली.

१९ डिसेंबर

स्वप्नात ती पाठमोरी उभी होती. मी नाव घेऊन हाक मारली. भासऱ्यानं सुनेला नावानं हाक मारू नये. ती वळली. पदराच्या आत कोरं अंडं. एक उभी रेघ, एक आडवी.

२८ डिसेंबर, रविवार

शालीकरामनं ओळखलं. शाळेसाठी नोय हे गुरुजी, म्हणाला, महिनाभर एकच बाई काढून रायले तुम्ही. मी सगळं सांगून टाकलं. घराबाहेर पहिल्यांदाच. तो ब्रश रॉकेलमध्ये खळबळत राहिला. मग बोलला.

"मी पाहून काढतो जी. आयकून काढलं तं सांगनाऱ्याचंच तोंड निघते."

मला राग आला. दुसरा रस्ता आहे का माझ्यापुढं? त्यानं माझ्या चित्राचा जबडा पुसला, हलक्या हातानं पुन्हा काढून दिला. त्याबद्दल काही घेतलं नाही.

३ जानेवारी २००४

चौतीस कागद. आईला दाखवले तर एकात तिची मेलेली बहीण दिसली, एकात रुख्मा. भूमेश्वरी कशातच नाही. ती कुठं पडली असेल, कोणी चादर बाजूला करून विचारत असेल, ओळखता का हिला. नाही. कोणीच ओळखत नाही! सगळे फाडावेसे वाटले. फाडले नाहीत. कागद उलटा करून मागच्या बाजूला परत सुरू केलं.

११ जानेवारी, रविवार

झालं. रुंद कपाळ, मोठे डोळे अर्ध्यावर, सरळ नाक, गोल हनुवटी. डोक्यावर पदर, पण तोंड उघडं. मला स्वतःला ती माणूस वाटली. कोणीतरी. पहिल्यांदाच.

लोकेंद्रनं कागद दोन्ही हातांत धरला. "हेच होय दादा. हुबेहूब." आईनंही मान हलवली. रुख्मा मळलेल्या कणकेकडं पाहत होती. तुला काय वाटतं, विचारलं. तुम्ही मेहनत केली, एवढंच म्हणाली.

१३ जानेवारी

शंभर झेरॉक्स. खाली लिहिलं — भूमेश्वरी, वय अठ्ठावीस, घरून निघून गेली आहे. ठाण्यात वीस दिल्या. हवालदार म्हणाला, अब कुछ बात बनेगी. सडक अर्जुनीचा स्टँड, देवरी, आमगाव. खळ लावून हात पांढरे.

१ फेब्रुवारी

काही नाही. देवरीहून एक निरोप आला, गेलो, ती बाई पन्नाशीची, वेडी. आई आमच्याकडच्या प्रतापगडला जाऊन महादेवाला नवस बोलून आली. लोकेंद्र आता मला विचारतही नाही, नुसता फाटकाशी उभा राहतो. त्याच्या नजरेला नजर देववत नाही. ऐंशी दिवस. मी आणतो म्हणालो होतो.

८ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

गोंदियाला गेलो होतो. स्टेशनाबाहेरच्या भिंतीला चित्र लावत होतो. पाठीमागं एक बाई उभी राहिली. हातात डबा, केसांत भाताचा कोंडा, राईस मिलमधून जेवणाच्या सुट्टीत सुटलेली. डोकं उघडं. तिनं चित्र बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, कोन होय जी हे? मी म्हणालो, आमच्या घरची सून. कोनं काढलं? मी. तिनं परत चित्राकडं पाहिलं.

मी तिच्याकडं पाहत होतो. महिनोनमहिने तेच करतोय, कोणाचाही चेहरा मोजतो. नाकाचं हाड मध्येच बसलेलं, शेंडा उजवीकडं. वरच्या ओठावर टाक्यांची खूण. डावी पापणी अर्धीच उघडते. मनात आलं, हे नाक मला कधीच काढता आलं नसतं.

"गुरुजी," ती म्हणाली, "मी भूमेश्वरी."

भासऱ्याला नात्यानं हाक मारायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. म्हणून गुरुजी. सगळं जग म्हणतं तसं. तिनं पदर ओढला नाही. माझीच मान खाली गेली. रीतीनं नाही.

हे कधीचं, एवढं मी विचारू शकलो. नाक दुसऱ्या वर्षाचं, तिनं सांगितलं. ओठ त्याच्या पुढच्या वर्षी. डोळा औंदाच्या पोळ्याचा. हिशेब दिल्यासारखं नाही, गावांची नावं सांगावी तसं. मतदार कार्डाचे फोटो निघाले त्या आठवड्यात ओठ शिवला होता.

मग म्हणाली, "घरी सगळ्याइले मालूम होतं. तुमालेच दिसत नोहतं, म्हून तुमाले मी दोस देत नाही. पन तुम्ही सांगान तं तुमचा भाऊ येईन. मंग मी वाचत नाही."

मिलचा भोंगा झाला. ती डबा घेऊन गेली. चालताना पाहिली. या वेळी पाहिली.

दोष देत नाही म्हणाली. पण मला ऐकू येत होतं. मागच्या चुलीकडून भांडं आपटल्याचा, कोणी पडल्याचा आवाज. तिकडं सून असते, भासऱ्यानं जाऊ नये. मी पुस्तकाचं पान उलटत असे. रीत माझ्या फार सोयीची होती.

९ फेब्रुवारी

रुख्माला विचारलं, नाक सरळ कसं सांगितलंस? ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"लगनात आली तवा सरळच होतं."

सगळ्यांनी मला लग्नातली नवरी सांगितली. मी ती काढली.

मग रुख्मानं मान वर केली. सापडली का, विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ, आणि सूप घेऊन आत गेली. माझा विश्वास आहे, तिला कळलं. ती कोणाला सांगणार नाही. न सांगण्याची तिला सवय आहे; या वेळी ती सवय कामी येईल.

११ फेब्रुवारी

चित्राच्या आणखी दोनशे झेरॉक्स काढल्या. शंभर ठाण्यात दिल्या, म्हटलं, जिल्हाभर लावा, नाक सरळ आहे, हिलाच शोधा. शंभर लोकेंद्रला दिल्या. त्यानं माझ्या पाया पडून घेतल्या.